नऊ सेकंदांचा एक सेकंद

१

माझ्या टेबलासमोर दोन खिडक्या होत्या. एक भिंतीतली. तिच्यातून हिंगण्याच्या आमच्या कारखान्याचं आवार दिसायचं, ट्रक लागतात ती जागा. दुसरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढी. तिच्यात माझे बाबा दिसायचे.

मार्चमध्ये बाबा न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीत ऑपरेशन झालं. हाड चांगलं जुळलं. तिसऱ्या दिवसापासून वॉकर धरून चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा चालले नाहीत. एप्रिल गेला, मे लागला, वॉकर खोलीच्या कोपऱ्यात उभा तो उभाच. दुखत होतं म्हणून नव्हे. "कुठं जाचं आहे मले चालून?" एवढंच ते विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

बाबनराव त्यांचं नाव. उमरेडला तीस-पस्तीस वर्षं मागावर बसून त्यांनी लुगडी विणली. आई गेल्यावर मी त्यांना मानेवाड्याला, माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. वर आल्यावर ते म्हणाले, "आता चौघांनी उचलाचं ते एकदाच. मधात कोणी मले उचलू नका."

माझी बायको ऋतुजा धंतोलीतल्याच एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. आम्ही दोघं नऊला निघायचो. दहाला मैनाबाई यायची, बाबांचं अंग पुसून द्यायची, जेवू घालायची आणि बाराला दार ओढून घेऊन जायची. ऋतुजा चारला परतायची. मधले चार तास बाबा एकटे. त्या चार तासांसाठी मी कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवला होता. त्यात खाट दिसायची, खिडकीतला कूलर, भिंतीवरचं घड्याळ आणि स्वयंपाकघराचं दार. काम करता करता मी नजर टाकायचो. बाबा निजलेले, कूलरच्या वाऱ्यानं चादरीचं टोक हलतंय. ठीक. पुन्हा काम.

मेच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर अक्षरं: अपडेट सुरू आहे, बंद करू नका. पाऊण तास चक्र फिरत राहिलं. मग सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त ती खिडकी हळू चालायला लागली.

२

हळू म्हणजे किती, ते मी मोजलं. माझा स्वभावच तसा आहे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजत बारा वर्षं काढली की माणूस अंदाजावर विश्वास ठेवत नाही. चित्रातल्या घड्याळाचा सेकंदकाटा एक घर पुढं सरकायला माझ्या मोबाइलवरचे नऊ सेकंद लागत होते. चादरीचं टोक पाण्यात बुडाल्यासारखं वर यायचं आणि खाली जायचं. बाबांनी नाक खाजवलं, त्याला जवळजवळ मिनिट लागलं. अधूनमधून चित्र थांबायचं, मधोमध चक्र फिरायचं, मग एकदम उडी मारून ते चालू वेळेवर यायचं. पुन्हा तिथून नऊपट हळू.

मी कॉम्प्युटर बंद-चालू केला. नेटची तार काढून लावली. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. नेटचा वेग तपासला, तो भरपूर होता. मोबाइलवर तोच कॅमेरा उघडला, तर तिथं चित्र व्यवस्थित. मग मी प्रीतमला बोलावलं.

प्रीतम म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला. एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांची मशीनं तो एकटा सांभाळतो.

"काय झालं गा?"

"व्हिडिओ हळू चालून राहिला. अपडेट झालं तेव्हापासून."

"अडकते का हळू चालते?"

"हळू चालते."

प्रीतम खुर्ची ओढून बसला. "असं नसते ना प्रज्वलभाऊ. नेट कमी पडलं तर व्हिडिओ अडकते. चक्र फिरते, मंग उडी मारते. लाइव्ह व्हिडिओ हळू नाही चालत."

"मग हे काय आहे?"

त्यानं पाहिलं. माझ्या मोबाइलवरचे सेकंद स्वतः मोजले. मग म्हणाला, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला असन अपडेटमध्ये. नवीन टाकून देतो." त्यानं ड्रायव्हर टाकला. ब्राउझर बदलून पाहिला, वीज वाचवायची सेटिंग काढली. दीड तास खपला. सेकंदकाट्याला अजूनही नऊच सेकंद लागत होते.

"उद्या पाहू," तो म्हणाला. "मोबाइलवर पाहून घे तोपर्यंत."

मोबाइलवर पाहिलं असतं तर काहीच झालं नसतं. पण बिघडलेली वस्तू समोर असताना मला दुसरीकडे बघवत नाही. साडेबारा वाजले होते. मी डबा उघडून पडद्यासमोरच जेवायला बसलो.

३

स्वयंपाकघराच्या दारातून एक माणूस बाहेर आला.

अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, पाय उघडे. कॅमेऱ्याकडे पाठ. तो खाटेच्या डोक्याशी गेला आणि उभा राहिला. मैनाबाईला आज उशीर झाला म्हणून तिचा नवरा तिला न्यायला आला असेल, असं मला वाटलं आणि मी भाजीत पोळी बुडवली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. माणूस घरात आहे, ही ती चूक नव्हती. मी घास हातात धरून पाहत राहिलो. बाबांच्या छातीवरची चादर श्वासाबरोबर वर चढत होती, चढतच होती. काटा अडकला होता. कूलरच्या जाळीला बांधलेली झालर हवेत थिजल्यासारखी.

आणि तो माणूस बरोबर चालत होता. तुम्ही-आम्ही चालतो तसा.

मी बाबांना फोन लावला. चौथ्या घंटीला त्यांनी उचलला.

"बाबा, घरी कोण आलं?"

"एवढ्या उन्हाचं कोण येते?"

"मैनाबाई गेली का?"

"कवाची गेली. काहून?"

"काही नाही. निजा तुम्ही."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर बाबांचा हात फोनकडे नुकता निघत होता. पडद्यावर त्यांनी तो अजून उचलायचा होता. तेवढ्यात तो माणूस त्यांच्या उशाशी वाकला, काहीतरी केलं, सरळ झाला, हात दुपट्ट्याला पुसले आणि स्वयंपाकघरात निघून गेला. कशाचीही घाई नाही. मग चक्र फिरलं, चित्रानं उडी मारली. बाबा एकटे, मोबाइल छातीवर.

संध्याकाळी घरी पोचलो तर ऋतुजा चहा गाळत होती. म्हणाली, "मैनाबाईनं आज बाबाचे केस किती छान विंचरले."

मी आत गेलो. केसांना तेल लावून मधोमध भांग पाडला होता. ओला, नीट, सुतात आखल्यासारखा. बाबा भांग उजवीकडे पाडतात. मैनाबाई त्यांच्या डोक्याला हात लावत नाही, कारण तिला ते लावू देत नाहीत.

"बाबा, केस कोणी विंचरले?"

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि बोटांचा वास घेतला. "मले काय माहीत? कूलरचा वारा लागून राहिला होता, एवढंच समजते."

४

मंगळवारी मी प्रीतमला पडद्यावर तो माणूस दाखवला. आदल्या दिवशीच्याच वेळेला आला, त्याच दारातून.

प्रीतमनं आधी कारण दिलं, आणि कारण चांगलं होतं. व्हिडिओत पूर्ण चित्र दरवेळी येत नाही, जेवढा भाग बदलतो तेवढाच येतो. म्हणून एखादा तुकडा पुढं आणि एखादा मागं राहू शकतो. हा कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा असेल, चुकून मिसळलेला.

मला ते पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

"पण आमच्या घरी असा माणूस कधी आलाच नाही," मी म्हटलं.

प्रीतम पडद्याजवळ सरकला. बराच वेळ पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "तुझे बाबा कसे हलून राहिले पाहा. झटके मारत. कॅमेरा सेकंदाले पंधरा फोटो काढते. नऊपट हळू केलं तर असे झटके येतातच. पण हा पाहा. एक झटका नाही. याचे मधातले फोटो कोणी काढले गा?"

मग आम्ही कॅमेऱ्याच्या कार्डातलं रेकॉर्डिंग उघडलं. एक एक चित्र पुढं सरकवत गेलो. खोली रिकामी. बाबा निजलेले. बंडी नाही, दुपट्टा नाही. एका चित्रात बाबांचा उजवा हात पोटावर होता. पुढच्याच चित्रात तो खाटेच्या कडेला होता, तळवा वर, बोटं पसरलेली. दोन चित्रांच्या मध्ये सेकंदाचा पंधरावा भाग. झोपलेल्या म्हाताऱ्याचा हात एवढ्यात तिथं जात नाही.

घरी गेल्यावर मी बाबांचा उजवा हात पाहिला. पाचही नखं कापलेली होती. डाव्या हाताची वाढलेली, तशीच.

त्या दिवशी मी ऋतुजाला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "उद्या मी रजा मागून पाहते. नाही भेटली तर मैनाबाईले चारपर्यंत थांबाले सांगू." रजा मिळाली नाही. मैनाबाईची मुलगी बाळंतीण होती, म्हणून मैनाबाई म्हणाली, परवापासून थांबते.

एकच दिवस मधे होता, आणि तो मी ऑफिसच्या पडद्यासमोर काढायचं ठरवलं, कारण तो माणूस तिथंच दिसत होता.

५

बुधवारी सकाळी मी खुर्चीवर बसलो तर ती छोटी खिडकी झकास चालत होती. सेकंदकाटा टकटक पुढं जात होता.

प्रीतम माझ्या आधी येऊन गेला होता. मी त्याला शेजारच्या शेडमध्ये गाठलं.

"काय केलं तू?"

"अपडेट काढून टाकलं. जुनं होतं तसं केलं. झालं ना नीट?"

"परत टाक."

"काहून?"

"मला ते दिसायला पाहिजे."

प्रीतमनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "प्रज्वलभाऊ, काल रात्रभर मले झोप नाही. तू म्हणतो मशीन खराब आहे म्हणून तो दिसते. मी म्हणतो, दिसणं बंद करू, विषय संपला."

"दिसणं बंद होईल. तो बंद होईल का?"

 तो उठला, माझ्या टेबलाशी आला आणि अपडेट परत टाकायला घेतलं. की-बोर्डवर बोटं आपटत होता. चक्र फिरत राहिलं. पंचवीस टक्के. चाळीस. मी मोबाइलवर घर पाहत होतो. मैनाबाई गेली. बाबा एकटे. सगळं ठीक, आणि त्या ठीक दिसण्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

पावणेएकला मशीन उघडलं. खिडकी उघडली.

तो आधीच आत होता. खाटेच्या पायथ्याशी, पाठमोरा, वाकलेला. त्यानं दोन्ही हातांनी बाबांचे पाय धरून एकमेकांना जुळवले. मग दुपट्ट्याच्या टोकातून काहीतरी सोडवलं. पांढरं, बारीक. त्यानं ते बाबांच्या दोन अंगठ्यांभोवती घेतलं. एक वेढा, दुसरा वेढा. खाली मान घालून, मन लावून. तेव्हा मला ते हात ओळखू आले. म्हणजे माणूस नव्हे, काम ओळखू आलं. कोणाच्या घरी मयत झालं की शेजारचा एखादा जाणता माणूस न बोलता आत येतो आणि घरच्यांना सुचत नाही ते करायला लागतो. केस, नखं, मग पाय.

प्रीतम म्हणाला, "जा. पळ. साहेबाले मी सांगतो."

६

हिंगण्याहून मानेवाडा भर दुपारी चाळीस मिनिटं. रिंग रोडवर माणूस नव्हता. हेल्मेटच्या काचेतून गरम हवा तोंडावर येत होती. दोनदा थांबून मी बाबांना फोन लावला. दोन्ही वेळा वाजून बंद झाला.

दाराचं कुलूप नीट होतं. कूलर चालू. बाबा डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होते.

"फोन का नाही उचलला?"

"हात उचलत नव्हता," ते म्हणाले. "जड होऊन राहिला होता. आता ठीक आहे."

मी चादर सरकवली. पाय जवळ जवळ होते. दोन्ही अंगठ्यांवर तांबूस वळ. सुताचा एक तुकडा टाचेखाली पडला होता. मी तो लपवायच्या आत बाबांनी हात पुढं केला. "दे इकडं."

त्यांनी ते सूत अंगठा आणि बोटात धरलं, पीळ उलगडला, ताणून पाहिलं, ओठांना लावलं. कुठलंही सूत डोळे मिटून ओळखणारा माणूस. नंबर सांगायचे, गिरणी सांगायचे, कधी कधी सुताला कांजीची खळ कोणी लावली तेही.

"हे कोणतं सूत आहे?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग मला. "मले समजून नाही राहिलं गा."

त्यांनी ते पुन्हा ओठांना लावलं.

मी काही सांगायच्या आधी ते म्हणाले, "पायाले कुठं बांधलं होतं ते दिसते मले. तुझ्या आईचे मीच बांधले होते." सूत त्यांनी उशीखाली ठेवलं. "कोण बांधून राहिलं?"

मी सांगितलं. हळू चालणारं चित्र, बंडी, दुपट्टा, सगळं. वाटलं हसतील, नाहीतर चिडतील.

"दाखव मले," ते म्हणाले.

"मोबाइलवर दिसत नाही बाबा. ऑफिसच्या मशीनवरच दिसतं."

"तं मशीन आण."

७

गुरुवारी मी ऑफिसचं मशीन घरी आणलं. प्रीतमनं गेटपासवर 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलं आणि डबा, पडदा, तारा माझ्या गाडीवर सुतळीनं बांधून दिल्या. बरोबर यायला मात्र तयार झाला नाही. कुठली तार कुठं, ते कागदावर काढून दिलं.

ऋतुजानं सकाळी निघताना विचारलं होतं, "दाखवून काय होईन? सरळ इथून हलवू ना बाबाले."

"हलवायचं तर दोन जिने उतरावे लागतील. ते कोणाला उचलू देत नाहीत."

"मंग?"

"मग चालावं लागेल त्यांना."

उमरेडला माझा चुलतभाऊ भूपेश कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. त्याला एकच सांगितलं, बाबांना तुझ्याकडे आणायचं आहे, एक वाजता गाडी घेऊन खाली उभा राहा. तो लगेच हो म्हणाला.

मैनाबाई आजपासून थांबणार होती, पण बाराला मीच तिला घरी पाठवलं. बाबांच्या खाटेला लागून मी स्टूल ओढलं, त्यावर पडदा ठेवला. बाबांना उशी लावून बसतं केलं. वॉकर कोपऱ्यातून आणून खाटेशी उभा केला. ते त्याच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखं करत होते. मी त्यांचा हात धरला आणि दोघं पडद्याकडे पाहत बसलो. आमचीच खोली. आम्हीच, मागून दिसणारे. भिंतीवर खरं घड्याळ टकटक करत होतं, पडद्यावरचं नऊ टकटकींना एकदा हलत होतं.

साडेबाराला तो दारात आला.

मी मान वळवून खरं दार पाहिलं. रिकामं. दाराची चौकट, मागं ओटा, ओट्यावर झाकलेलं पातेलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तो चौकटीला हात लावून उभा होता आणि आमच्या पाठींकडे पाहत होता. आज घरात माणूस आहे हे त्याला दिसलं असावं. तो थोडा वेळ थांबला. मग आत आला.

बाबांचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

"कोण आहे बाबा? ओळखता?"

"नाही," ते म्हणाले. ते पडद्याकडे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मागावरून कोणी अर्धं लुगडं कापून न्यायला आलं तर येईल तसा राग होता. "पण कामाचा माणूस दिसते. एवढी घाई काहून त्याले? मी आहे ना आणखी."

पडद्यावर त्या माणसानं दुपट्ट्याचं टोक सोडलं.

"वॉकर इकडं कर," बाबा म्हणाले.

८

अडीच महिने न उठलेला माणूस उठतो तेव्हा पाय आधी उठत नाहीत, दात उठतात. बाबांनी दात आवळले, वॉकरच्या दांड्या धरल्या आणि शरीर पुढं फेकलं. मी काखेत हात घातला तर म्हणाले, "हात काढ." मी काढला. ते पडले. खाटेवरच, बसल्या जागी. पुन्हा दांड्या धरल्या. पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी ते उभे राहिले.  त्यांची बंडी घामानं पाठीला चिकटली होती.

तेवढ्यात चक्र फिरलं आणि चित्रानं चालू वेळेवर उडी घेतली.

पडद्यावर बाबा उभे होते, वॉकरवर झुकलेले. मी त्यांच्या शेजारी. तो माणूस आमच्या मागं, खाटेच्या पलीकडे, हातात ते सूत. तो थांबला होता. बाबांच्या रिकाम्या खाटेकडे पाहत होता. मग त्यानं मान वळवायला सुरुवात केली. आधी कान दिसला, मग कानामागून गालाची कड. मी वाट पाहत होतो. कड पुढं येईना. येत होती, पण केसाएवढी, झटका घेत, थांबत. घड्याळाच्या काट्यासारखी. चादरीसारखी.

तो हळू झाला होता. आमच्याइतकाच हळू.

हे समजायला मला एक क्षण लागला. पडद्यावर आम्ही खोलीत हलत होतो त्याच्या नऊपट हळू दिसत होतो. आतापर्यंत तो दोन चित्रांच्या मधल्या फटीत हलायचा, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता; आता तोही आमच्यासारखाच दिसत होता. म्हणजे खोलीत तो आता आमच्या वेगानं हलत होता. म्हणजे मी आत्ता मागं वळलो असतो तर तो दिसला असता.

मागं खाटेची दोरी करकरली.

"बाबा," मी म्हटलं, "चला."

"पाहू नको मागं," बाबा म्हणाले. त्यांनी वॉकर उचलून पुढं टाकला.

खोलीच्या दारापर्यंत नऊ पावलं. मी मोजली. बाहेरच्या दारापर्यंत अकरा. वॉकर टेकल्याचा टक, मग बाबांचा घसटता पाय, मग माझी चप्पल. आणि चौथा आवाज, उघड्या तळव्याचा, फरशीला चिकटून सुटणारा. टक, घसट, चप्पल, तळवा. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. त्यानं आम्हाला गाठलं नाही. गाठायचा प्रयत्नही केला नाही.

जिन्यात वॉकर मी घेतला. बाबा कठडा धरून एक एक पायरी उतरले. शेवटच्या वळणावर ते कठड्याला टेकले. चेहरा पांढरा पडला होता.

"किती राहिल्या?"

"दहा."

"त्याच्या पुढचं सांग. खाली उतरून मंग काय?"

"गाडी. भूपेश आहे खाली. मग उमरेड."

"उमरेडले कुठं जाचं आहे मले?"

या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी तोंडाला येईल ते सांगत गेलो. "तलावापर्यंत. तिथून बाजारात. बाजारातून तुमच्या जुन्या मागाच्या घरापर्यंत. कोण राहतं तिथं आता, पाहून येऊ."

त्यांनी पुढची पायरी घेतली.

खाली ऊन पांढरंफेक होतं. भूपेशनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. बाबांना आत बसवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. मी पलीकडून जाऊन बसलो आणि माझं दार लावलं. भूपेश बाबांच्या बाजूला दार धरून तसाच उभा होता. किंचित मागं सरकला, कोणाला वाट द्यावी तसा. मग त्यानं दार लावलं, पुढं येऊन बसला आणि गाडी सुरू केली. 

९

आम्ही फ्लॅट सोडला. सामान आणायला ऋतुजा आणि मैनाबाई सकाळी दहाला गेल्या आणि अकराला बाहेर पडल्या. कॉम्प्युटर मी परत नेऊन दिला. प्रीतमनं तो पूर्ण पुसून नव्यानं बसवला. आता त्यावर सगळं व्यवस्थित चालतं. माझ्या पडद्यावर ती छोटी खिडकी नाही.

आता आम्ही उमरेडला राहतो, भूपेशच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. हिंगण्याला जायला दीड तास लागतो. जाऊ दे.

बाबा चालतात. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, एवढं या वयात कोणी करत नाही. सकाळी तलावापर्यंत, संध्याकाळी बाजारात. काठी घेऊन, वॉकर सुटला. मागच्या महिन्यात त्यांनी एका मागवाल्याच्या पोरांना खळ कशी लावायची ते दाखवलं, दोन तास, उभ्यानं. लोक म्हणतात, बाबनरावाले जवानी आली.

भूपेशच्या बायकोनं, मयुरीनं, मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, मामंजी दुपारी बसतच नाहीत जी. बारा ते चार या दारातून त्या दारात, त्या दारातून या दारात. जेवण पण उभ्यानं."

परवा रविवार होता, मी घरी होतो. बारा वाजले. बाबांनी काठी घेतली आणि अंगणाच्या दारापासून परसाच्या दारापर्यंत चालू लागले. मी तासभर पाहिलं. ऊन तापत होतं. त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. मी खुर्ची आणून भिंतीशी ठेवली.

"बाबा, बसा थोडं. पाच मिनिटं."

ते थांबले नाहीत. खुर्चीजवळून जाताना काठीनं ती बाजूला सारली.

"मी बसलो का तोही बसते गा," ते म्हणाले. "अन् तो कामाले बसला का मंग उठत नाही."

परसाच्या दाराशी पोचून ते वळले.

"चाल माझ्यासंगं," ते म्हणाले, आणि मी चालू लागलो.